सर्व्हर बसला? आधी नुसतं बघा

कोल्हापूरच्या शिरोली एमआयडीसी आणि उद्यमनगरातल्या काही कारखान्यांचे लिनक्स सर्व्हर मी सांभाळते. फाउंड्री, मशीन शॉप, एक-दोन पार्ट्सवाले. सर्व्हरवर ड्रॉइंग, बिलिंग, बॅकअप. फोन येतो तो बहुतेक वेळा असाच: "मॅडम, सर्व्हर बसलाय. बंद करून चालू करू काय?"

नको. रीस्टार्ट केल्यावर कुठला प्रोग्रॅम मेमरी खात होता, कुठली फाइल कोणी धरून ठेवली होती, हे सगळं पुसलं जातं. सर्व्हर चालू होतो, पण आठवड्याने परत तेच. म्हणून माझा नियम असा की सुरुवातीला ज्यांनी काहीच बदलत नाही अशाच कमांड द्यायच्या. पुसणाऱ्या, मारणाऱ्या कमांड नंतर.

कमांड खाली देवनागरीत लिहिल्यात, मी फोनवर सांगते तशा. टाइप करताना इंग्रजी छोटी अक्षरं घ्या. जिथे कॅपिटल लागतं तिथे तसं सांगेन. डॅशच्या आधी एक जागा सोडायची, नंतर नाही. नव्या पोरांची निम्मी भांडणं या एका जागेवरून असतात.

बाहेरून काम करायचं तर एसएसएच, म्हणजे लांबून सर्व्हरवर कमांड टाइप करायची सोय. 2019 आणि 2021 च्या पुरात शिरोलीजवळ हायवेवर पंचगंगेचं पाणी आलं आणि शहरातून पलीकडे जायचा रस्ताच राहिला नाही. अशा दिवसांत मोबाइलला जेमतेम रेंज असते. स्क्रीन शेअरिंग तिथे गोल गोल फिरत बसतं; एसएसएचला नुसती अक्षरं पाठवायची असतात, त्यामुळे ते रेटत रेटत चालतं. आत शिरल्याबरोबर 'टीमक्स' द्या. मध्येच लाइन तुटली तरी चालू असलेलं काम मरत नाही, परत येऊन 'टीमक्स अटॅच' म्हटलं की जिथे होतो तिथेच.

आता पहिल्या तीन कमांड: अपटाइम (लोड), फ्री -एच (मेमरी), डीएफ -एच (डिस्क).

अपटाइमच्या शेवटी तीन आकडे येतात. गेल्या 1, 5 आणि 15 मिनिटांचा सरासरी लोड. तो 'एनप्रॉक' या कमांडने दाखवलेल्या कोअरच्या संख्येशी ताडून बघायचा. कोअर 4 आणि लोड 12 म्हणजे मिसळीच्या हॉटेलात खुर्च्या चार आणि माणसं बारा: चार खातायत, आठ दारात उभी. फक्त एक लक्षात ठेवा, लिनक्स या गर्दीत डिस्कची वाट बघत अडकलेल्यांनाही मोजतं. प्रोसेसर निवांत आणि लोड चढलेला दिसला तर संशय डिस्कवर घ्या.

फ्री -एचमध्ये 'फ्री'चा रकाना बघून घाबरू नका. मोकळी मेमरी लिनक्स फाइलींच्या कॅशसाठी वापरून टाकतं आणि गरज पडली की परत देतं. 'अव्हेलेबल' रकाना वाचा. तो तळाला गेला असेल तर 'टॉप' द्या, शिफ्ट धरून एम दाबा, मेमरी खाणारा वर येतो. बाहेर पडायला क्यू.

डीएफ -एचवर मात्र थांबा, कारण माझ्या अनुभवात सर्व्हर बसण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण हेच: डिस्क भरली. वापराच्या रकान्यात 100 टक्के दिसलं की शोध सुरू करायचा (सुडो म्हणजे ॲडमिनच्या अधिकाराने, डीयू म्हणजे कुठल्या फोल्डरने किती जागा खाल्ली):

सुडो डीयू -एक्सएच --मॅक्स-डेप्थ=1 / | सॉर्ट -एच

सगळ्यात खालची ओळ एकूण बेरजेची, तिच्या लगेच वर सगळ्यात जाडा फोल्डर. मग / च्या जागी त्याचं नाव टाकून परत तेच. बहुतेक वेळा गाडी /व्हार/लॉगमध्ये (प्रोग्रॅम आपल्या नोंदी, म्हणजे लॉग, इथे लिहितात) नाहीतर बॅकअपच्या फोल्डरमध्ये येऊन थांबते. मधली उभी रेघ म्हणजे पाइप, एका कमांडचं आउटपुट दुसरीच्या तोंडात. डग मॅकिलरॉय यांनी धरलेल्या आग्रहामुळे 1973 साली ती युनिक्समध्ये आली आणि अजून तिच्यावाचून आमचं पान हलत नाही.

इथे तीन गोष्टी हमखास चकवतात.

एक, डीएफ म्हणतं डिस्क भरली, पण डीयूची बेरीज निम्मीसुद्धा भरत नाही. कोणीतरी मोठी लॉग फाइल पुसलेली असते, पण ज्या प्रोग्रॅमने ती उघडली होती तो अजून तिला धरून बसलेला असतो. त्याने सोडल्याशिवाय जागा सुटत नाही. 'सुडो एलएसओएफ +एल1', यात पहिला एल छोटा आणि अधिकच्या चिन्हानंतरचा कॅपिटल. पुसूनही उघड्या असलेल्या फाइली आणि त्या धरणारे, दोन्ही दिसतात. मग फक्त ती सर्व्हिस रीस्टार्ट करायची, अख्खी मशीन नाही. चालू लॉग पुसण्यापेक्षा रिकामा केलेला बरा: सुडो ट्रंकेट -एस 0 आणि पुढे फाइलचं नाव.

दोन, जागा दिसते पण 'नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस' येतं. डीएफ -आय द्या. आयनोड (दर फाइलीमागे लागणारी एकेक नोंद) संपलेत, म्हणजे कुठेतरी बारक्या बारक्या फाइलींचा ढीग झालाय.

तीन, आकाराची आणि वापराची वजाबाकी शून्य येत नाही, तरी शिल्लक शून्य. ईएक्सटी4 ही लिनक्सची फाइल सिस्टीम बनवताना साधारण 5 टक्के जागा रूटसाठी, म्हणजे ॲडमिनसाठी, राखून ठेवली जाते. बिघाड नाही तो.

जुने बॅकअप काढायचे असतील तर फाइंड वापरा, पण दोन पायऱ्यांत. आधी:

फाइंड /बॅकअप -नेम '*.जीझेड' -एमटाइम +30

महिन्यापेक्षा जुन्या फाइलींची नुसती यादी येते. ती डोळ्यांखालून घाला. पटली तर वरचा बाण दाबा आणि त्याच ओळीच्या अगदी शेवटी -डिलीट जोडा. शेवटीच. फाइंड अटी डावीकडून उजवीकडे तपासतं. -डिलीट आधी लिहिलं तर नाव आणि तारीख बघायच्या आतच सगळं साफ.

डिस्क ठीक असेल तर लॉग. 'सिस्टीमसीटीएल स्टेटस' आणि सर्व्हिसचं नाव, मग 'जर्नलसीटीएल -यू' तेच नाव, पुढे --सिन्स टुडे. लॉगची वेगळी फाइल असेल तर टेल -एफ आणि फाइलचं नाव लावून ठेवायचं आणि ऑपरेटरला सांगायचं, "आता बिल काढून बघ." एरर डोळ्यांसमोर पडते. सोडवायला कंट्रोल सी. फाइल रात्री बदलली जात असेल तर कॅपिटल एफ द्या, नवीन फाइलवर आपोआप सरकतं.

प्रोग्रॅम मारायचाच असेल तर साधं किल आणि प्रोसेसचा नंबर. ते 15 नंबरचा सिग्नल पाठवतं: आवरून घे आणि निघ. किल -9 आवरायला वेळच देत नाही. डेटाबेसवर थेट -9 चालवणाऱ्याला मी पासवर्ड देत नाही.

आणि सर्व्हर रात्रीत आपोआप बंद झाला असं कोणी म्हणालं तर 'लास्ट -एक्स | हेड' द्या. कधी बंद, कधी चालू, ओळीने येतं. त्यानंतर 'सुडो जर्नलसीटीएल -बी -1 -ई', म्हणजे आधीच्या बूटच्या शेवटच्या ओळी. सर्व्हिसेस एकेक थांबल्याच्या नोंदी असतील तर बंद करायची आज्ञा मिळाली होती, कोणाचं तरी बोट बटणावर गेलंय. नोंदी काम चालू असताना मधेच तुटल्या असतील तर बहुधा वीज गेली. मग कमांड बाजूला ठेवा आणि यूपीएसच्या बोर्डावर ग्राइंडरची पिन कोणी लावली ते विचारा.