डेस्कटॉप अ‍ॅपचं पॅकेजिंग : विंडोज, मॅकओएस आणि लिनक्ससाठी

पॅकेजिंग, म्हणजे दुसऱ्याच्या मशीनवर चालेल असा इन्स्टॉलर बनवणं, शेवटच्या आठवड्यावर ढकललं की बहुतेक वेळा तारीख चुकते. आपल्या मशीनवर कंपायलर, पायथन, क्यूटी (खिडक्या-बटणं बनवायची लायब्ररी) आणि कधीकाळी टाकून विसरलेल्या असंख्य लायब्ररी असतात. वापरणाऱ्याकडे यातलं काहीच नसतं. म्हणून खिडकीत एकच बटण असेल तेव्हाच तिन्ही सिस्टिमसाठी इन्स्टॉलर बनवून बघा. नंतर प्रत्येक नवी लायब्ररी जोडताना पॅकेज कुठे मोडलं ते लगेच कळतं.

ज्या सिस्टिमसाठी पॅकेज हवं, तिच्यावरच बिल्ड करायचं, हे गृहीत धरा. पायइन्स्टॉलर (पायथन कोडचं अ‍ॅप बनवणारं साधन) विंडोजवर चालवला तर विंडोजचंच अ‍ॅप निघतं, मॅकचं नाही. तीन मशीन नसतील तर गिटहब अ‍ॅक्शन्ससारख्या सेवेत तिन्ही सिस्टिम मिळतात. प्रत्येक टॅगवर (कोडमधल्या आवृत्तीच्या खुणेवर) तीन बिल्ड आपोआप सुटतील अशी मांडणी करून ठेवा.

मग अवलंबित्वं. लिनक्सवर एलडीडी, मॅकवर ओटूल आणि विंडोजवर डिपेंडन्सीज हे साधन वापरून अ‍ॅपला कोणत्या लायब्ररी लागतात ते बघता येतं. पण ही यादी अपुरी असते. अ‍ॅप सुरू झाल्यावर नावाने शोधून लोड होणारे प्लगइन तिच्यात दिसत नाहीत. ‘क्यूटी प्लॅटफॉर्म प्लगइन सापडला नाही’ ही प्रसिद्ध तक्रार इथूनच येते : बाकी सगळ्या डीएलएल (विंडोजच्या लायब्ररी फाइली) असतात, फक्त ‘प्लॅटफॉर्म्स’ फोल्डर आणि त्यातली क्यूविंडोज डीएलएल राहिलेली असते. क्यूटीची विनडिप्लॉयक्यूटी आणि मॅकडिप्लॉयक्यूटी ही साधनं आपापल्या सिस्टिमचे प्लगइन बरोबर जागी ठेवतात. हाताने कॉपी करत बसू नका. पायथनमध्येही हाच प्रकार होतो. कोडमध्ये मॉड्यूलचं नाव स्ट्रिंगमधून येत असेल तर पायइन्स्टॉलरला ते दिसत नाही, ‘हिडन इम्पोर्ट’ म्हणून वेगळं सांगावं लागतं. विंडोजवर व्हीसीरनटाइम १४० ही डीएलएल नाही असा संदेश आला, तर व्हिज्युअल सी प्लस प्लसचा रीडिस्ट्रिब्युटेबल (मायक्रोसॉफ्टचा लायब्ररींचा संच) इन्स्टॉलरमध्ये घालायचा राहिला आहे.

लिनक्सवर सगळ्यात जास्त वेळ खाते ती जीलिबसी, म्हणजे सिस्टिमची मूळ सी लायब्ररी. जुन्या आवृत्तीवर बांधलेलं अ‍ॅप नव्या आवृत्तीवर चालतं, उलट चालेलच असं नाही. उबुंटू २२.०४ मध्ये २.३५ आहे, २०.०४ मध्ये २.३१. त्यामुळे नव्यावर केलेलं बिल्ड जुन्यावर ‘जीलिबसी २.३४ सापडत नाही’ अशा धर्तीचा संदेश देऊन सुरू होण्याआधीच मरतं. यावर उपाय म्हणजे ज्या सर्वांत जुन्या डिस्ट्रोला (उबुंटूसारख्या लिनक्सच्या वितरणाला) आधार द्यायचा, तिच्या कंटेनरमध्ये, म्हणजे तिच्या वेगळ्या ठेवलेल्या वातावरणात, बिल्ड करणं. जीलिबसी सोबत बांधून देण्याचा मोह टाळा. ग्राफिक्स ड्रायव्हरच्या लायब्ररीही बांधू नयेत, त्या त्या मशीनच्याच लागतात. फ्लॅटपॅक (लिनक्सचं एक पॅकेज स्वरूप) स्वतःचं रनटाइम, म्हणजे मूळ लायब्ररींचा संच, आणतो, म्हणून तिथे हा त्रास जवळजवळ नाही. अ‍ॅपइमेज एकाच फाइलमध्ये मावते हे छान. पण तिच्या जुन्या प्रकाराला फ्यूजची (फाइल फोल्डरसारखी उघडणाऱ्या यंत्रणेची) दुसरी आवृत्ती लागते आणि ती उबुंटू २२.०४ पासून मुळात बसवलेली नसते. डेब आणि आरपीएम ही डिस्ट्रोंची स्वतःची स्वरूपं हवीतच, पण सुरुवातीला एकच स्वरूप नीट जमवा.

मॅकवर खरी परीक्षा सहीची, म्हणजे अ‍ॅप कोणाचं आहे ते सिद्ध करणाऱ्या डिजिटल सहीची. अ‍ॅप म्हणजे प्रत्यक्षात एक फोल्डर : आत ‘कंटेंट्स’, त्यात ‘मॅकओएस’, ‘रिसोर्सेस’ आणि इन्फो पीलिस्ट (अ‍ॅपच्या माहितीची फाइल). २०१९ च्या कॅटलिनापासून अ‍ॅप स्टोअरबाहेर वाटल्या जाणाऱ्या नव्या अ‍ॅपना नोटरायझेशनही (अ‍ॅपलने तपासून दिलेली मंजुरी) लागतं. त्यासाठी अ‍ॅपलचं वर्षाला ९९ डॉलरचं डेव्हलपर सदस्यत्व घ्यावं लागतं. क्रम चुकवू नका. आधी लायब्ररींचे मार्ग दुरुस्त करा, मग आतून बाहेर सही करत या : आधी प्रत्येक डायलिब (मॅकची लायब्ररी फाइल) आणि फ्रेमवर्क, शेवटी अख्खं अ‍ॅप. सही करताना हार्डन्ड रनटाइम (जादा सुरक्षा निर्बंध) चालू ठेवा, मग नोटरीटूलने अ‍ॅपलकडे पाठवा आणि मंजुरी आली की तिचं तिकीट स्टेपल करा, म्हणजे जोडून टाका. झिपला स्टेपल करता येत नाही. अ‍ॅपला करून पुन्हा झिप करायचं. सही झाल्यावर आतली एक फाइल जरी बदलली तरी सही मोडते, आणि वापरणाऱ्याला ‘अ‍ॅप खराब झालं आहे, कचऱ्यात टाका’ असा दरडावणारा संदेश दिसू शकतो. नोटरायझेशन नाकारलं गेलं तर अंदाज बांधत बसू नका. नोटरीटूलच्या लॉगमध्ये कोणत्या फाइलची सही नाही ते नावानिशी असतं.

विंडोजवर सही नसली तरी अ‍ॅप चालतं, फक्त स्मार्टस्क्रीन (विंडोजची सुरक्षा तपासणी) निळी पाटी दाखवून निम्म्या लोकांना घाबरवतं. जून २०२३ पासून सहीची खासगी किल्ली हार्डवेअर टोकनवर किंवा तशाच सुरक्षित उपकरणात असावी लागते, त्यामुळे किल्लीची नुसती फाइल बिल्ड सर्व्हरवर ठेवून भागत नाही; क्लाउडमधली सही सेवा घेणं सोपं पडतं. सहीसोबत टाइमस्टँप घालाच, नाहीतर प्रमाणपत्राची मुदत संपली की जुने इन्स्टॉलरही अविश्वसनीय ठरतात. पायइन्स्टॉलरची ‘वनफाइल’ आकर्षक दिसते, पण ती दर वेळी स्वतःला तात्पुरत्या फोल्डरमध्ये उलगडते : सुरू व्हायला वेळ लागतो आणि अँटिव्हायरस संशय घेतो. फोल्डरवालं बिल्ड इनो सेटअप या इन्स्टॉलर बनवणाऱ्या साधनात घालणं बरं.

सेटिंग आणि डेटा अ‍ॅपच्या फोल्डरमध्ये लिहू नका. प्रोग्राम फाइल्समध्ये साध्या खात्याला परवानगी नसते आणि मॅकवर त्याने सही मोडते. विंडोजवर अ‍ॅपडेटा, मॅकवर ‘लायब्ररी’तलं अ‍ॅप्लिकेशन सपोर्ट, लिनक्सवर होममधलं डॉट कॉन्फिग, या ठरलेल्या जागा आहेत. फाइलनावांतली लहान-मोठी अक्षरंही सांभाळा; ‘लोगो’चं पहिलं अक्षर कोडमध्ये मोठं आणि डिस्कवर लहान असेल तर विंडोजवर चालतं, लिनक्सवर चित्र गायब.

चाचणी नेहमी कोऱ्या मशीनवर : विंडोज सँडबॉक्स किंवा नुकतीच बसवलेली व्हर्च्युअल मशीन. इन्स्टॉलर वेब ब्राउझरनेच डाउनलोड करा, कारण मॅकची क्वारंटाइन खूण (फाइल बाहेरून आल्याची नोंद) त्याने लागते. पेनड्राइव्हवरून नेलेली प्रत खोटा धीर देते. खातं साधं ठेवा, अ‍ॅडमिन नको, आणि त्याच्या नावात मोकळी जागा व इंग्रजीबाहेरचं एखादं अक्षर असू द्या. शेवटी जुन्या आवृत्तीवर नवी बसवून बघा. एमएसआय (विंडोज इन्स्टॉलरची पॅकेज फाइल) बनवत असाल तर अपग्रेड कोड, म्हणजे सगळ्या आवृत्त्या एकाच अ‍ॅपच्या आहेत हे सांगणारी खूण, कायम तोच ठेवायचा, आणि आवृत्तीच्या पहिल्या तीन आकड्यांपैकी एक वाढवायचा. विंडोज इन्स्टॉलर चौथा आकडा बघतच नाही.