गच्चीवरून लघुग्रह टिपताना या चुका टाळा

मंगळ आणि गुरू यांच्यामधल्या पट्ट्यातला छोटा लघुग्रह दुर्बिणीतून ताऱ्यासारखाच दिसतो. ओळखायची खूण एकच: तो ताऱ्यांमधून सरकतो. आणि फसगत होते तीही बहुतेकदा या सरकण्यापाशीच.

पण त्याआधी निवड. 1 नोव्हेंबर 2023 ला नासाचं लुसी यान दिंकिनेशजवळून गेलं आणि या इवल्या लघुग्रहालाही स्वतःचा उपग्रह असल्याचं कळलं. साहजिकच तो टिपावासा वाटतो. मात्र जेमतेम 800 मीटरचा हा दगड आपल्याकडून एकोणिसाव्या-विसाव्या प्रतीचा दिसतो (प्रत म्हणजे तेजाचं माप; आकडा जितका मोठा, तितकं फिकं). ते काम गिरवली वेधशाळेच्या 2 मीटर आरशाच्या दुर्बिणीचं, पुण्यात कोथरूडच्या गच्चीवरचं नव्हे. त्यापेक्षा 951 गॅस्प्रा घ्या. तोही पट्ट्याच्या आतल्या भागातलाच, पण सुमारे 18 किलोमीटर लांब. यानाने जवळून पाहिलेला हा पहिला लघुग्रह. 1991 मध्ये गॅलिलिओ यान त्याच्या शेजारून गेलं होतं.

गॅस्प्राची प्रतियुती, म्हणजे आकाशात सूर्याच्या बरोबर समोरच्या बाजूला येणं, साधारण 17 महिन्यांनी येते आणि प्रत्येक वेळी तो सारखा तेजस्वी नसतो. कक्षा लंबगोल असल्याने कधी तो साडेबाराव्या प्रतीच्या आसपास असतो, तर कधी चौदाव्याच्याही पलीकडे जातो. प्रतियुती जून-जुलैत आली तर ती खुशाल सोडून द्या. पुण्यात ढग असतातच, शिवाय तेव्हा तो धनू राशीकडच्या ताऱ्यांच्या गर्दीत हरवतो. पौर्णिमाही टाळा, कारण प्रतियुतीतला लघुग्रह आणि पूर्ण चंद्र आकाशाच्या एकाच बाजूला असतात.

आता सगळ्यात फसवी चूक. तासाभराच्या अंतराने काढलेल्या चार फ्रेम, म्हणजे फोटो, तारे जुळवून एकापाठोपाठ एक दाखवल्या की एक ठिपका सरळ रेषेत, एकसारख्या वेगाने सरकताना दिसतो. आनंद होतो, पण तो हॉट पिक्सेल, म्हणजे कॅमेऱ्याच्या सेन्सरवरचा प्रकाश नसतानाही चमकणारा खराब ठिपका, असू शकतो. माउंटचा (दुर्बीण फिरवणाऱ्या बैठकीचा) ध्रुवरोख, म्हणजे तिचा अक्ष आकाशाच्या ध्रुवाकडे रोखणं, किंचित चुकला असेल तर तारे सेन्सरवर हळूहळू एका दिशेने घसरतात. सॉफ्टवेअर तारे पुन्हा एकावर एक आणतं, आणि जागचा न हललेला खराब पिक्सेल मात्र उलट दिशेने चालायला लागतो, अगदी लघुग्रहासारखा. म्हणून तारे न जुळवलेल्या मूळ फ्रेम उघडा. ठिपका प्रत्येक फ्रेममध्ये त्याच एक्स-वाय आकड्यांवर बसला असेल तर तो सेन्सरचा दोष. झूम करूनही बघा: खऱ्या ठिपक्याला शेजारच्या ताऱ्यांइतकीच पसरट कड असते, हॉट पिक्सेल टोकदार, एकाच चौकोनाचा असतो. डार्क फ्रेम (झाकण लावून काढलेला काळा फोटो) वजा करा, आणि दर फ्रेमला दुर्बीण मुद्दाम थोडी इकडेतिकडे हलवा. मग तो पिक्सेल रेषेत न चालता उड्या मारतो आणि लगेच पकडला जातो.

दुसरी चूक घड्याळाची. लघुग्रहांच्या स्थानांचे तक्ते जागतिक वेळेत असतात, आपलं घड्याळ साडेपाच तास पुढे. प्रतियुतीजवळ गॅस्प्रा ताशी सुमारे 40 विकला सरकतो, म्हणजे साडेपाच तासांत साडेतीन कलांहून जास्त (एका अंशाच्या 60 कला, एका कलेच्या 60 विकला). एवढ्या फरकाने तुम्ही भलत्याच ताऱ्यावर बोट ठेवाल. तारखेचाही घोळ होतो: 12 जानेवारीला पहाटे 2 वाजताची फ्रेम जागतिक वेळेत 11 जानेवारीची, 20:30 ची. नोंद करताना एक्सपोजरच्या (कॅमेरा उघडा राहण्याच्या) सुरुवातीची नव्हे, मधली वेळ धरा. पुण्याचे अक्षांश-रेखांश टाकायचे राहिले तर त्याचा फरक फार तर दहा-एक विकला पडतो, त्याने शोध अडत नाही. अ‍ॅपमधले कक्षेचे आकडे जुने असतील तर मात्र अडतो. ते ताजे करून घ्या.

एक्सपोजर एक-दीड मिनिटाचं पुरतं. पाच मिनिटं उघडं ठेवलंत तर ठिपक्याची रेघ होईल आणि प्रकाश पसरून तो उलट फिका पडेल. प्रतियुतीच्या आधी किंवा नंतर दीडेक महिन्यावर तो जवळजवळ थबकतो. तेव्हा तासाभरात हालचाल दिसली नाही तर दुर्बिणीला दोष देऊ नका, दुसऱ्या रात्री तीच जागा पुन्हा टिपा.

ठिपका हाती लागला की पुष्कळ जण तिथेच थांबतात. थांबू नका, त्याची प्रत रात्रभर मोजा. गॅस्प्रा लांबट असल्याने फिरताना उजळतो, मंदावतो. आलेख काढलात की साडेतीन तासांनी तोच चढ पुन्हा दिसेल आणि तोच त्याचा फिरण्याचा काळ वाटेल. पण लांबट दगड एका फेरीत आपली रुंद बाजू दोनदा दाखवतो. गॅस्प्राची खरी फेरी सुमारे 7 तासांची आहे. दोन चढांची उंची किंवा आकार थोडा वेगळा आला, तर त्या दोन वेगळ्या बाजू आहेत हे आलेखावरच दिसतं. डिसेंबरच्या एका मोठ्या रात्रीत सगळी फेरी पदरात पडते.