गाजराच्या अर्कावर डीपीपीएच लावण्याआधी

सांगलीची हळद आणि महाबळेश्वरचं गाजर, दोन्हींचे अर्क काढून डीपीपीएच (अँटिऑक्सिडंटची ताकद मोजायची, जांभळ्या रंगाची रसायन-चाचणी) लावायचा असा एम.एस्सी.चा प्रोजेक्ट ठरत असेल तर जरा थांबा. हळदीच्या नळीतला जांभळा रंग भराभर उतरेल, गाजराच्या नळीत जवळपास तसाच राहील. त्यावरून ‘गाजरात दम नाही’ असं लिहिलंत तर व्हायव्हात अडकलात.

हळदीतलं कुरकुमिन हे फिनॉल, म्हणजे कड्याला ओएच गट असलेलं संयुग, ते स्वतःचा हायड्रोजन डीपीपीएचला देऊन टाकतं. गाजरातल्या बीटा-कॅरोटीनमध्ये ओएच गटच नाही. त्याची ताकद आहे एकाआड एक अशा ११ दुहेरी बंधांच्या साखळीत. पेरॉक्सिल रॅडिकल (एकटा, जोडीविना इलेक्ट्रॉन असलेला ऑक्सिजनयुक्त कण) त्या साखळीला येऊन चिकटतो आणि उरलेला एकटा इलेक्ट्रॉन साखळीभर पसरून थंडावतो. डीपीपीएचचा रॅडिकल मात्र नायट्रोजनवर, बेंझिनच्या कड्यांच्या गर्दीत अडकलेला. तो चिकटणार कसा? त्यात बीटा-कॅरोटीन मिथेनॉलमध्ये नीट विरघळत नाही, द्रावण गढुळतं, आणि डीपीपीएच मोजतात त्या ५१७ नॅनोमीटरवर त्याचा स्वतःचा रंगही थोडा प्रकाश शोषतोच. रीडिंग फुगतं, रंग उतरल्याची टक्केवारी पडते, कधी उणे येते. उणे आकडा खोडून शून्य लिहू नका. चूक पद्धतीच्या निवडीत आहे, तुमच्या हातात नाही.

त्याऐवजी एबीटीएस ही दुसरी रंगचाचणी घ्या. ७ मिलिमोलर एबीटीएस आणि २.४५ मिलिमोलर पोटॅशियम परसल्फेट, अंधारात १२ ते १६ तास. मग ७३४ नॅनोमीटरवर शोषणाचं रीडिंग ०.७० येईपर्यंत इथेनॉलने पातळ करा. तिथे कॅरोटीनचा रंग आड येत नाही. १ मिलीत १० मायक्रोलिटर ॲसिटोनमधला अर्क, आणि ब्लँकलाही (अर्क नसलेल्या तुलनेच्या नळीला) तेवढंच ॲसिटोन. हे ब्लँक विसरलात तर सगळं पुन्हा. मागच्या बॅचची फाइल हातात देणाऱ्या सिनियरपेक्षा ‘ब्लँक कुठंय?’ विचारणारा लॅब असिस्टंट जास्त कामाचा.

कॅरोटीन किती आहे हे मोजायला अर्क थंड ॲसिटोनमध्ये खलून काढा, पेट्रोलियम ईथरमध्ये घ्या, पाण्याने ॲसिटोन धुवून टाका. मोजणी ४५० नॅनोमीटरवर, शोषण गुणांक २५९२, रीडिंग ०.२ ते ०.८ मध्ये ठेवा. मंद उजेड, नळ्यांना फॉइल. वॉटर बाथवर आटवायचा शॉर्टकट मारूच नका, उष्णतेने कॅरोटीनच्या रेणूची सरळ (ट्रान्स) रचना वाकडी (सिस) होते आणि अर्क फिकटतो.

निष्कर्षात ‘कॅरोटीनच्या गोळ्या घ्याव्यात’ हेही नको. ऑक्सिजनचा दाब आणि कॅरोटीनचं प्रमाण दोन्ही जास्त असलं की थंडावलेली साखळी ऑक्सिजन घेऊन नवा पेरॉक्सिल बनवते. बर्टन आणि इनगोल्ड यांनी १९८४ मध्येच हे मांडलं. आणि १९९४ च्या फिनलंडमधल्या चाचणीत रोज २० मिलिग्रॅम बीटा-कॅरोटीन घेणाऱ्या धूम्रपान करणाऱ्या पुरुषांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी जास्त आढळला.