समांतर रेषेचं समीकरण काढताय? या चुका टाळा

गणित साधं असतं: २क्ष + ३य = ७ या रेषेला समांतर आणि (३, −४) या बिंदूतून जाणाऱ्या रेषेचं समीकरण काढा. चार ओळींचं काम. तरी दरवर्षी वह्या त्याच चुकांनी भरून येतात.

माझी सगळ्यात नावडती चूक म्हणजे क्षला चिकटलेला आकडा उचलायचा आणि त्यालाच चढ (रेषा किती तिरकी ते सांगणारा आकडा) म्हणायचं. ‘क्षचा सहगुणक म्हणजे चढ’ हे वाक्य मुलं अर्धंच पाठ करतात. य एकटा डावीकडे उभा असेल तेव्हाच ते खरं. इथे ३य = −२क्ष + ७, म्हणजे चढ −२/३.

एकदा एक मुलगा दहा गणितं सोडवून घेऊन आला. प्रत्येकाखाली ऐटीत ‘ताळा बरोबर’ असा शेरा. त्यातली नऊ चूक! वरच्याच गणितात त्याने चढ २ धरला होता आणि उत्तर काढलं होतं य = २क्ष − १०. ताळा कसा घेतला? क्षच्या जागी ३ घातले, ६ − १० = −४. जमलं की! आता हा ताळा खोटा नाही, बिंदू रेषेवर आहेच. पण त्या बिंदूतून वाटेल त्या चढाची रेषा काढता येते, त्यामुळे चढाबद्दल हा ताळा काहीच बोलत नाही. खरा घोळ दहाव्या गणिताने घातला होता: ५क्ष − य = २. यचा सहगुणक −१ असल्यामुळे तिथे चढ योगायोगाने ५च निघतो. ते एक बरोबर उत्तर पुढे करून पठ्ठ्या अर्धा तास माझ्याशी भांडला. शेवटी आलेखाचा कागद काढला आणि दोन्ही रेषा त्यालाच काढायला लावल्या. क्ष साडेचारच्या जरा पुढे जातो न जातो तोच त्याची ‘समांतर’ रेषा मूळ रेषेला छेदून पार. मग गप्प बसला.

तेव्हापासून माझी सवय अशी: चढ डोळ्यांना दिसत असला तरी ‘य =’ करून एक ओळ लिहायचीच. ‘वेळ जातो हो सर’ म्हणणाऱ्यांचा वेळ नंतर खाडाखोडीत जातो, हे मी रोज बघतो.

समांतरला चढ तोच राहतो. उलटा करून चिन्ह बदलणं लंबरेषेसाठी. प्रश्नातल्या ‘समांतर’ शब्दाखाली रेघ मारा, झालं.

बिंदू आणि चढ घालून य − (−४) = −२/३ (क्ष − ३) असं मांडलं की य − (−४) म्हणजे य + ४. कंस गाळणाऱ्यांना माझी अजिबात सहानुभूती नाही.

क्ष = ४ ला समांतर, (−२, ५) मधून जाणारी रेषा? क्ष = −२. उभ्या रेषेला चढ नसतो; चढ शून्य लिहिलात तर य = ५ ही आडवी रेषा मिळेल.

आता शॉर्टकट. डावी बाजू तशीच ठेवायची, फक्त स्थिरपद बदलायचं: २क्ष + ३य = क. बिंदू घातला की ६ − १२ = −६, म्हणून २क्ष + ३य = −६. मी स्वतः हेच करतो, चढ काढावाच लागत नाही. पण पहिल्याच दिवशी ‘सर, सूत्र सांगा ना’ म्हणणाऱ्याला मी ते देत नाही. कारण हाच प्रश्न २क्ष + ३य − ७ = ० असा आला की तो −६ काढतो आणि बिनधास्त २क्ष + ३य − ६ = ० लिहून मोकळा होतो. तिथे −६ + क = ०, म्हणजे क = ६ आणि उत्तर २क्ष + ३य + ६ = ०. आकडा तोच, बाजू बदलली की चिन्ह बदललं.

आणखी एक, कमी दिसणारी गंमत: दिलेला बिंदू (२, १) असेल तर? ४ + ३ = ७, म्हणजे बिंदू मूळ रेषेवरच आहे आणि फिरून तीच रेषा हाती येते. ४क्ष + ६य = १४ लिहिलंत तरी रेषा नवी होत नाही.

ताळा मी दोन घेतो. एक बिंदूचा. दुसरा, दोन्ही समीकरणं एकत्र सोडवायला बसायचं, जणू छेदबिंदूच हवाय. सुरुवातीच्या उदाहरणात वजाबाकी केली की क्ष जातो, य जातो आणि उरतं ० = १३, म्हणजे दोन्ही रेषा कुठेच भेटत नाहीत. असला अडाणी निकाल आला की मी पेनाला टोपण लावतो.