ब्राउझरची भाषा बदलताना: मेनूंची भाषा वेगळी, पानांची वेगळी

ब्राउझर मराठीत करून घेतला तरी संकेतस्थळे मात्र इंग्रजीतच उघडतात, ही तक्रार वरचेवर ऐकू येते. तिचे मूळ बहुधा बिघाडात नसून समजुतीच्या घोटाळ्यात असते. ब्राउझरमध्ये भाषेच्या दोन स्वतंत्र सेटिंग्ज असतात. एक ब्राउझरच्या स्वतःच्या मेनूंची, बटणांची आणि सूचनांची, तर दुसरी संकेतस्थळांना कळवायच्या पसंतीच्या भाषांची. पानाचे भाषांतर करून दाखवणे ही आणखी वेगळी सोय असून तिचा या दोहोंशी गोंधळ करू नये.

विंडोजवर क्रोम वापरत असल्यास उजवीकडच्या वरच्या कोपऱ्यातील तीन उभ्या ठिपक्यांवर क्लिक करून ‘सेटिंग्ज’ उघडावे आणि डाव्या बाजूच्या यादीतून ‘लँग्वेजेस’ निवडावे. पसंतीच्या भाषांमध्ये मराठी नसेल तर ‘ॲड लँग्वेजेस’ या बटणाने ती आधी यादीत आणावी लागते. त्यानंतर मराठीच्या नावासमोरील ठिपक्यांवर क्लिक करून ‘डिस्प्ले गूगल क्रोम इन धिस लँग्वेज’ हा पर्याय निवडावा. येथेच अनेक जण थांबतात आणि काहीच बदलले नाही असे समजतात. प्रत्यक्षात शेजारी उमटलेले ‘रीलाँच’ बटण दाबून ब्राउझर पुन्हा सुरू केल्याखेरीज नवी भाषा लागू होत नाही. उघडे टॅब परत येतात. परंतु इनकॉग्निटो, म्हणजे इतिहास न नोंदवणाऱ्या, खिडक्या परत येत नाहीत आणि अर्धवट भरलेला फॉर्म टिकेलच याची खात्री नसते, म्हणून हातातले काम आधी पूर्ण करावे. मायक्रोसॉफ्ट एजमधील पद्धत जवळपास हीच आहे, फक्त तेथील ठिपके आडवे असतात.

फायरफॉक्समध्ये तीन आडव्या रेघांच्या मेनूतून ‘सेटिंग्ज’मध्ये जाऊन भाषेचा विभाग शोधावा. तेथे मेनूंची भाषा आणि पानांची भाषा यांचे पर्याय स्पष्टपणे वेगळे ठेवलेले आहेत, आणि ही मांडणी मला सर्वांत प्रामाणिक वाटते. मेनूंच्या भाषेच्या यादीत मराठी दिसत नसेल तर याच यादीच्या तळाशी आणखी भाषा शोधण्याचा पर्याय असतो. तो निवडल्यावर मराठीचा भाषासंच उतरवून घेता येतो. फायरफॉक्सचे मराठीकरण स्वयंसेवकांच्या श्रमातून झालेले आहे. त्यामुळे एखादी नवी सूचना अधूनमधून इंग्रजीत दिसली तर आपले काही चुकले असे मानू नये.

मॅकवर क्रोमच्या सेटिंग्जमध्ये हा पर्याय शोधून सापडत नाही, कारण तेथे क्रोम संगणकाचीच भाषा उचलतो. मॅकच्या सिस्टिम सेटिंग्जमधील ‘जनरल’ आणि त्यातील ‘लँग्वेज अँड रीजन’ येथे एखाद्या ॲपपुरती वेगळी भाषा नेमून देता येते. आयफोनवरही अशीच सोय फोनच्या सेटिंग्जमध्ये त्या ॲपच्या पानावर असते. मात्र फोनच्या पसंतीच्या भाषांमध्ये एकाहून अधिक भाषा नसतील तर हा पर्याय दिसतच नाही, म्हणून आधी दुसरी भाषा जोडावी. अँड्रॉइडवर क्रोमच्या स्वतःच्या सेटिंग्जमधील ‘लँग्वेजेस’मधून हे काम होते.

आता दुसऱ्या सेटिंगकडे वळू. कोणतेही पान मागवताना ब्राउझर त्या मागणीसोबत ‘ॲक्सेप्ट-लँग्वेज’ नावाची एक ओळ पाठवतो. या ओळीत आपल्या पसंतीच्या भाषा सांकेतिक रूपात असतात. मराठीसाठी ‘एमआर’ आणि इंग्रजीसाठी ‘ईएन’ ही चिन्हे वापरली जातात. पहिल्या भाषेनंतरच्या भाषांना 0.9, 0.8 असे उतरते भारांक, म्हणजे पसंती दाखवणारे आकडे, जोडलेले असतात, आणि संकेतस्थळाकडे त्या पानाची एकाहून अधिक रूपे असतील तर त्यांतून निवड करताना ते हा क्रम विचारात घेऊ शकते. म्हणूनच यादीत मराठी नुसती असणे पुरेसे नाही. ती सर्वांत वर हवी. तिच्या खाली आपण सहज वाचू शकतो अशी दुसरी भाषा अवश्य ठेवावी, कारण सगळीच संकेतस्थळे मराठीत उपलब्ध नसतात. परंतु न वाचता येणाऱ्या भाषांनी यादी वाढवू नये. ही यादी संकेतस्थळांना मिळू शकते आणि सहसा न आढळणाऱ्या जुळणीची यादी इतरांच्या गर्दीतून आपला ब्राउझर ओळखून काढण्यास मदत करते.

एवढे करूनही एखादे संकेतस्थळ इंग्रजीतच राहिले, तर त्याने आपल्या खात्यात किंवा कुकीत, म्हणजे ब्राउझरमध्ये साठवलेल्या छोट्या नोंदीत, पूर्वी निवडलेली भाषा जपून ठेवलेली असण्याची शक्यता मोठी आहे. अशा वेळी ब्राउझर सोडून त्या संकेतस्थळाच्याच भाषेच्या पर्यायाकडे जावे.

चुकून अशी भाषा निवडली गेली की जिची लिपीही वाचता येत नाही, तर मेनूत चाचपडत बसण्याची गरज नाही. क्रोमच्या पत्तापट्टीत रोमन लिपीत ‘क्रोम’, विसर्गचिन्हासारखे दिसणारे कोलन, दोन तिरप्या रेघा, ‘सेटिंग्ज’, एक तिरपी रेघ आणि ‘लँग्वेजेस’ असे सलग, मध्ये जागा न सोडता टाइप करून एंटर दाबावे. हा पत्ता मेनूंच्या भाषेनुसार बदलत नाही, त्यामुळे थेट भाषांचेच पान उघडते. एजमध्ये ‘क्रोम’ऐवजी ‘एज’ लिहावे. यादीतील नावावर माउसचा बाण नेल्यास ते त्या भाषेच्या स्वतःच्या लिपीतही दिसू शकते. ‘मराठी’ हा शब्द शोधावा, त्यासमोरील ठिपके दाबावेत आणि वर सांगितल्याप्रमाणे ब्राउझर पुन्हा सुरू करावा.