मज्जासंस्था शांत करायला संगीत ऐकायचं, पण नेमकं कसं?

शांत करणारं म्युझिक म्हणून शोधलं की दहा दहा तासांचे व्हिडिओ, ४३२ हर्ट्झ, ५२८ हर्ट्झ, अमुक रागाने बीपी उतरतं आणि तमुक रागाने डोकेदुखी जाते असलं काय काय समोर येतं, आणि माणूस ऐकायचं सोडून शोधतच बसतो. त्या हर्ट्झच्या आकड्यांना ठोस पुरावा नाहीये आणि एका रागाला एक आजार जोडणाऱ्या तक्त्यांनाही नाहीये, त्यामुळे त्यात वेळ घालवू नका. खरा फरक पडतो तो लयीने, आवाज किती मोठा ठेवलाय त्याने, श्वासाने, आणि संगीत बंद झाल्यावरच्या दोन मिनिटांनी, जी जवळजवळ सगळेच जण घालवतात.

आधी एक छोटा प्रयोग करा. मनगटावर नाडी धरा आणि सावकाश श्वास घ्या, सावकाश सोडा. श्वास आत जाताना ठोके किंचित भरभर पडतात आणि सोडताना मंदावतात, तरुण माणसाला तर हे बोटाला स्पष्ट कळतं. हे काम व्हेगस नर्व्हचं, मेंदूपासून निघून हृदय, फुप्फुसं आणि पोटापर्यंत गेलेली ही नस शरीराला "आता धोका नाही, निवांत हो" या बाजूला आणते. म्हणजे उच्छ्वास लांबला की ब्रेक लागतो, आणि संथ संगीताचा मोठा उपयोग हाच की श्वास आपसूक त्याच्या मागे जायला लागतो.

इटलीतले संशोधक लुचियानो बर्नार्डी यांनी २००६ साली लोकांना वेगवेगळं संगीत ऐकवून ठोके, बीपी, श्वास मोजले होते, त्यात टेक्नो होतं, रॅप होतं, पाश्चात्त्य क्लासिकल होतं आणि आपला एक रागही होता. लय जलद झाली की श्वास आणि ठोके वाढत होते, मग संगीताचा प्रकार कुठलाही असो आणि ते आवडतं असो वा नसो. पण गंमत अशी की मध्ये दोन मिनिटं संगीत थांबवलं तेव्हा ठोके आणि बीपी सुरुवातीला होते त्याच्याही खाली उतरले. अभ्यास छोटा होता, २४ जणांचा, तरी ती शांतता का सोडायची नाही हे त्यातून कळतं.

आता काय ऐकायचं. आपल्याकडे लोक पटकन सतार किंवा संतूर लावतात आणि डोळे मिटतात, चांगलंय, पण रेकॉर्डिंग पुढे कुठे जातं ते बघा! आलाप म्हणजे ठेक्याशिवायची संथ सुरुवात, मग लय धरणारा 'जोड', मग 'झाला' नावाचा शेवटचा जलद भाग, आणि त्या भागात तर नुसती धावपळ, म्हणजे तुम्ही शांत होत आलात की बरोबर तेव्हाच लय चढते. ख्याल गायनाचंही तेच, विलंबित (संथ) संपलं की द्रुत (जलद) बंदिश आणि ताना. मैफिलीत हे अप्रतिमच वाटतं, पण आपल्या कामाला उलटं. म्हणून फक्त आलापाचा भाग घ्या, फोनवर तेवढाच तुकडा कापून ठेवता येतो, किंवा बासरीचा संथ आलाप, किंवा नुसता तानपुरा. यमन, भूप, दुर्गा हे बहुतेकांना सुखाचे वाटतात. मारवा आवडत असला तरी अस्वस्थ असताना नको, त्याच्यात मुळातच एक हुरहूर आहे (हे माझं मत, कुणाला त्यातच बरं वाटत असेल तर वाटू दे). शास्त्रीय आवडत नसेल तर जबरदस्ती नाही, संथ भावगीत, अंगाई, हरिपाठ, पियानो काहीही चालेल. लय तपासायला ठेक्यावर बोट आपटून १५ सेकंद मोजा आणि चारने गुणा, ६० ते ८० च्या आसपास आलं की झालं. शब्दांचं गाणं असेल तर ते आठवणी उकरून काढणारं नसावं, ब्रेकअपच्या वेळचं गाणं कितीही संथ असलं तरी ते इथे बसत नाही.

खूपच भडकलेले असाल, म्हणजे आत्ताच भांडण झालंय, हात थरथरतायत, तर डायरेक्ट तानपुरा लावू नका, चिडचिड वाढते. म्युझिक थेरपीत याला आयसो प्रिन्सिपल म्हणतात, आधी मूडशी जुळणारं काहीतरी लावायचं, थोडं जोरकस ठेक्याचं, मग त्याहून मध्यम, मग संथ, असं तीनचार गाण्यांत खाली उतरायचं. अशी एक प्लेलिस्ट बरं वाटत असतानाच बनवून ठेवा कारण त्या वेळी निवडायचं डोकं नसतं.

बसायचं कसं, तर पाठ टेकून, पाय जमिनीला, झोपून ऐकलं तरी चालतं पण झोप लागली तर लागू द्या. गाणी डाउनलोड करून फोन फ्लाइट मोडवर टाका, ऑटोप्ले बंद करा, नाहीतर आलाप संपतो न संपतो तोच मसाल्याची जाहिरात किंचाळते आणि सगळं पाण्यात. आवाज इतका हळू की शेजारच्या खोलीतून कुणी साध्या आवाजात हाक मारली तरी ऐकू यावी. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला ४० तासांपर्यंत ८० डेसिबल ही मर्यादा सांगते, पण आपल्याला त्याच्या बरंच खाली राहायचंय. हेडफोनच हवेत असं काही नाही, छोटा स्पीकर पुरतो.

पहिली दोनतीन मिनिटं फक्त ऐका, श्वासाला हात लावू नका. मग तानपुरा ॲप असेल तर चारही तारा एकदा छेडून व्हायला साधारण ५ सेकंद लागतील इतकी गती कमी करा, एका फेरीत श्वास आत, पुढच्या फेरीत बाहेर, म्हणजे मिनिटाला सहा श्वास होतात. बर्नार्डींच्याच २००१ च्या एका अभ्यासात कॅथलिक जपमाळ आणि मंत्रजप या दोन्हींनी लोकांचा श्वास मिनिटाला सहाच्या आसपास आला होता. गरगरलं तर लगेच नेहमीचा श्वास घ्या. बरं वाटत असेल तर षड्जात, म्हणजे 'सा'च्या सुरात, तोंड मिटून गुणगुणा, सूर चुकला तरी चालतो, उच्छ्वास लांबवायची ही सगळ्यात सोपी युक्ती. एकूण १५-२० मिनिटं, मग बंद, आणि मग दोन मिनिटं काहीच नाही. फोन उचलायचा नाही.

आता संगीत ऐकवून मज्जासंस्था शांत करतो म्हणणाऱ्या महागड्या प्रोग्रॅम्सबद्दल, कारण बरेच पालक विचारतात. सेफ अँड साउंड प्रोटोकॉल हा अमेरिकन शास्त्रज्ञ स्टीफन पोर्जेस यांच्या पॉलिव्हेगल थिअरीवर (व्हेगस नर्व्हचा आणि सुरक्षित वाटण्याचा संबंध सांगणाऱ्या) उभा आहे, ती त्यांनी १९९४ मध्ये मांडली. मूळ प्रोग्रॅम साधारण पाच तासांचा, त्यातली गाणी फिल्टर केलेली असतात, माणसाच्या आवाजाच्या पट्ट्यातले सूर पुढे येतील अशी, आणि कान झाकणाऱ्या पण नॉइज कॅन्सलिंग नसलेल्या हेडफोनवर, प्रशिक्षित माणसाच्या देखरेखीत, थोडं थोडं ऐकवतात. काहींना बरं वाटतं. पण त्या थिअरीवर शास्त्रज्ञांमध्ये वाद आहे आणि प्रोग्रॅमवरचे अभ्यास अजून लहान आहेत, त्यामुळे कुणी हमी देत असेल तर सावध व्हा. ऑटिझमसाठी विकलं जाणारं ऑडिटरी इंटिग्रेशन ट्रेनिंग (यातही बदल केलेलं संगीत ऐकवतात) हे वेगळं, २०११ च्या कॉक्रेन रिव्ह्यूत (कॉक्रेन ही संस्था उपचारांवरचे सगळे अभ्यास एकत्र तपासते) त्याच्या बाजूने पुरेसा पुरावा सापडला नाही. साधं संगीत ऐकून ऑपरेशनआधीची भीती कमी होऊ शकते असं मात्र कॉक्रेनच्याच २०१३ च्या रिव्ह्यूत आहे, त्यात २६ चाचण्या होत्या.

मुलांवर हेडफोन लादू नका, कान झाकून रडणाऱ्या मुलाला "शांत हो" म्हणून गाणी लावणं म्हणजे छळच. खोलीत हळू आवाजात, मूल खेळत असताना, पाच मिनिटं, आणि आवाजाचा त्रास नेहमीचाच असेल तर ऑक्युपेशनल थेरपिस्टला दाखवा.

ऐकताना छाती भरून आली, जुना आघात डोळ्यांसमोर आला, अंग बधिर झालं तर संगीत बंद करा, डोळे उघडा, खोलीतल्या वस्तूंची नावं मोठ्याने घ्या, गार पाण्याने तोंड धुवा. फिट्स येत असतील, कानात सतत आवाज येत असेल किंवा भास होत असतील तर आधी डॉक्टरांना विचारा. गोळ्या चालू असतील तर त्या यामुळे बंद करायच्या नाहीत. आणि झोप, जेवण, काम सगळंच कोलमडलं असेल तर प्लेलिस्ट पुरणार नाही, मानसिक त्रासात मदत करणाऱ्या टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी नंबर फुकट आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं.