कलमाचा घडीचा चाकू हाताला टोचतोय? या चुका टाळा

कोय कलमाचे, म्हणजे कोयीतून उगवलेल्या आंब्याच्या कोवळ्या रोपावर चांगल्या झाडाची काडी जोडायचे दिवस आले की आठवड्याभरात हात तक्रार करायला लागतो. तर्जनीच्या पेरावर लाल वळ उठतो, तळहाताच्या मधोमध दुखरा ठिपका तयार होतो आणि रात्री घास उचलताना अंगठ्याच्या मुळाशी कळ येते. मग बाजार गाठून नवा चाकू आणला जातो आणि पंधरा दिवसांत तोही तसाच टोचायला लागतो. रोपवाटिकेत इतके पावसाळे काढल्यावर माझं मत पक्कं झालंय: चाकू बदलण्याआधी हात नेमका कुठे दुखतोय ते बघा. दुखऱ्या जागेवरूनच चूक कळते.

अंगठ्याच्या मुळाशी कळ

याचं कारण बहुतेक वेळा मुठीत नसतंच, धारेत असतं. धार उतरली की आपण नकळत मूठ जास्त आवळतो आणि अंगठा जोरात रेटतो. दिवसाला दोन-तीनशे काप घेताना हा थोडा थोडा जोर साठत जातो.

पारख सोपी आहे. कलमकाडीवर, म्हणजे जोडायच्या काडीवर, चार-पाच सेंटिमीटरचा तिरका काप एका ओढीत घ्या आणि काडी उजेडात धरा. काप गुळगुळीत, ओलसर चमकणारा दिसला तर धार ठीक आहे. पृष्ठभाग पांढुरका आणि पिंजारलेला दिसला, सालीची कड फाटली असली, तर पातं बोथट झालंय. अशा कापाने केलेली काडीची पाचर खुंटाच्या, म्हणजे खालच्या रोपाच्या, चिरेत चपखल बसत नाही, मधे पोकळी राहते आणि कलम धरत नाही. म्हणजे तुमचा दुखरा अंगठा आणि मेलेली कलमं यांचं मूळ एकच असू शकतं. शंभरेक काप झाले की चामड्याच्या पट्ट्यावर पात्याला दोन्ही बाजूंनी आठ-दहा वेळा ओढा, धार मागे ठेवून. दगडावर घासायची वेळ मग रोज येत नाही.

दगडावर घासतानाही एक चूक हमखास होते. कलमाच्या बऱ्याच चाकूंना एकाच बाजूने उतार असतो, दुसरी बाजू सपाट असते. घरच्या सुरीसारखी दोन्हीकडून घासली की ती सपाट बाजू गोल होते. मग पातं कधी काडीत खोल शिरतं, कधी बाहेर निसटतं, आणि त्याला सरळ ठेवता ठेवता मनगट थकून जातं.

तळहाताच्या मधोमध दुखरा ठिपका

इथे मात्र दोष मुठीचा. मूठ आखूड असली की तिचं मागचं टोक तळहाताच्या मध्यावर रुततं, आणि तिथून बोटांकडे जाणाऱ्या नसा दाबल्या जातात. संध्याकाळी बोटांना मुंग्या येत असतील तर हे दुर्लक्ष करण्यासारखं नाही. अमेरिकेतली नायॉश ही कामगारांच्या आरोग्यावर काम करणारी सरकारी संस्था. तिने २००४ साली हातअवजारांची मार्गदर्शिका काढली. त्यात सांगितलंय की जोराच्या कामासाठी मूठ तळहाताच्या सर्वांत रुंद भागापेक्षा लांब हवी, साधारण ४ ते ६ इंच. घडीचा चाकू घेताना आपण तो खिशात मावतो का एवढंच पाहतो. दुकानात तो उघडून मुठीत धरा आणि मागचं टोक हाताबाहेर येतं का ते बघा.

व्हिक्टोरिनॉक्स कंपनीच्या चाकूंच्या मिटलेल्या लांबीवरून अंदाज येईल. ५८ मिलिमीटरचा किल्ल्यांच्या जुडग्याला लावायचा, ९१ मिलिमीटरचा नेहमीच्या किरकोळ कामाचा. दिवसभर कापायचं असेल तर मला १११ मिलिमीटरचाच पटतो. ओपिनेल या फ्रेंच कंपनीच्या ८ नंबरच्या चाकूची लाकडी मूठ गोलसर असल्यामुळे हाताला फार सुखाची वाटते, पण आपल्या पावसात तिचं लाकूड फुगतं आणि पातं आत अडकून बसतं. अशा वेळी ते नखाने ओढू नका. आधी गळ्याजवळची कडी मोकळी करा आणि मुठीचं मागचं टोक टेबलाच्या कडेवर ठोका. पातं थोडं वर येतं. ओपिनेलच्या मूळ प्रदेशातली, फ्रान्समधल्या सॅव्हॉयची ही जुनी युक्ती. मूठ उन्हाळ्यातच नीट वाळवून जवसाचं तेल पाजून ठेवली तर त्रास बराच कमी होतो.

मुठीवर खिशाला अडकवायची क्लिप असेल तर ती स्क्रू काढून बाजूला ठेवा. बाकी मूठ कितीही चांगली असली तरी तेवढी एक पट्टी तळहात सोलते.

तर्जनीवर वळ

पात्याची पाठ किंवा मुठीतल्या पत्र्याची कड काटकोनी राहिली की असा वळ उठतो. धार झाकून जुनं बनियन मुठीवरून आणि पात्याच्या पाठीवरून फिरवा. धागा जिथे अडकेल तिथे ४०० नंबरचा पॉलिश पेपर पेन्सिलीला गुंडाळून कड हलकेच मोडा. दहा मिनिटांचं काम आहे.

त्याऐवजी मुठीवर सायकलची ट्यूब गुंडाळायचा मोह होतो. ती चूक मी केली आहे. ट्यूब पात्याच्या खाचेवरून गेली होती, त्यामुळे चाकू मिटल्यावरही टोक भाताच्या दाण्याएवढं बाहेर राहत होतं. माझ्या ते लक्षात आलं नाही. कलम बांधायची पट्टी काढायला खिशात हात घातला आणि करंगळीला दोन टाके पडले. घडीच्या चाकूच्या मुठीवर खाच झाकणारं काहीही गुंडाळू नका.

अंगठ्याचं नख दुखणं

चीक आणि माती सांध्यात सुकली की पातं उघडत नाही. स्पिरिटने सांधा पुसा, कोमट साबणपाण्यात उघडमीट करा, पूर्ण वाळवा आणि शिलाई मशीनच्या तेलाचा एकच थेंब सोडा. जास्त तेल सोडलं तर ते मुठीवर येतं आणि ओल्या हातातून चाकू निसटतो. लॉक नसलेल्या चाकूचं टोक कशात खुपसून जोर लावू नका, पातं बोटांवर मिटतं.

सगळं ठीक असूनही मनगट दुखतंय

मग चाकू कोणत्या हाताचा आहे ते बघा. एकाच बाजूने उतार असलेले चाकू डाव्या हाताचे वेगळे मिळतात, पण मागावे लागतात. आमच्याकडे एक डावखुरी मुलगी कामाला आली होती. दोन हंगाम तिने उजव्या हाताचाच चाकू वापरला आणि 'हिचा हात जड आहे' हे निमूट ऐकून घेतलं. तिसऱ्या हंगामात डाव्या हाताचा चाकू आणून दिला. तिने पहिली काडी कापली, काप उजेडात धरून बराच वेळ बघत राहिली, आणि काही न बोलता दुसरी काडी उचलली.